चढे सूर

या शहरातल्या प्रत्येक पियानोचे अगदी वरचे सूर किंचित चढे आहेत. कानाच्या डॉक्टरांकडे पियानो जुळवणाऱ्यांच्या संघटनेचे वयोवृद्ध अध्यक्ष तपासणी आटोपून बाहेर आले आणि माझ्या शेजारी बसलेल्या त्यांच्या शिष्येशी बोलू लागले.

“वरच्या पट्टीतले बारीक आवाज मला उतरलेले ऐकू येतात म्हणे! डॉक्टरला काय कळतंय?”

“सर, वरचे सूर खाली आणल्याशिवाय उद्याच्या कार्यक्रमाला येणारी बाहेरगावची वादक पियानोला हात लावणार नाही.”

“नखरे! संघटनेत कुणी कधी तक्रार केली?”

“सगळे तुमचेच शिष्य, सर.”

“तुलाही चढे वाटतात?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग जा, उतरव. पण इतकी वर्षं गप्प का बसलीस?”

“सगळेच गप्प होते. तुम्ही मान डोलावेपर्यंत आम्ही खुंटी पिळत राहायचो.”