बीट थांबत नाय

माझ्या ज्या रॅपवर तुम्ही माना डोलावता ना, तो अब्बांनी एकदाच ऐकलाय. मूळची ती कविता. चिकलठाण्याच्या कारखान्यात प्रेस मशीनखाली सापडून गेलेल्या माझ्या भावावरची, सलीमवरची. स्टेजवर त्याचं नाव आलं की मी गप्प व्हायचो, सगळा हॉल गप्प व्हायचा.

त्याचा रॅप रेकॉर्ड करताना स्टुडिओवाला म्हणाला, "भाई, इतना गॅप नहीं चलेगा. बीट पुढं निघून जाते." मग मी नाव घेऊन तसाच पुढं पळालो.

अब्बा सलीमच्याच शिफ्टला होते. हेडफोन लावून त्यांनी ऐकलं.

"नावापाशी थांबला नाय तू?"

"बीट चालू असते, अब्बा. थांबता येत नाय."

त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"व्हय. त्या दिवशी सुपरवायझरबी हेच म्हणला. लाइन चालू हाय, थांबवता येत नाय."