यंत्राच्या मते काका वारले

भाची: ...आणि एवढा सगळा हिशेब करून, काका, यंत्राच्या मते तुम्ही वारलात.

काका: कधी?

भाची: मागच्या वर्षी.

काका: तरीच तुझी मावशी हल्ली माझ्याशी वाद घालत नाही.

भाची: चेष्टा पुरे. सकाळी कार्ड लावूनही दार का उघडलं नाही, ते कळलं ना आता? मेलेल्या माणसाला डेपोत सोडत नाहीत.

काका: इथं जिवंत माणसांना कामावर ओढून आणता आणता माझे केस पिकले. मेलेला आपल्या पायांनी आला, तर त्याला दार बंद. बरं, मारलं कोणी मला?

भाची: तुम्हीच. मी काय सांगितलं होतं? जुना कॉम्प्युटर आज संध्याकाळी बंद होणार. त्यावरचे आपले बारके बारके प्रोग्राम नव्यावर न्यायचे, तर प्रत्येकाची ओळख लिहून द्यायची. यंत्राला कळेल अशी.

काका: दिली की. माझ्या ठणठणवर सहा पानं लिहिली. ड्रायव्हर दिवे चालू ठेवून उतरला की ठणठण घंटा वाजवतो. एकदा तर एक ड्रायव्हर तसाच घरी गेला, तेव्हा यानं त्याच्या स्वप्नात जाऊन...

भाची: ते वाचलं मी. यंत्राला गोष्ट नको असते, तुकडे हवे असतात. कोण, काय नातं, कोणाशी. ‘ठणठण, बनवणारा, काका.’ संपलं. असे तुकडे एकमेकांत गुंफले की त्याला सिमँटिक वेब म्हणतात. मग कुठल्याही डेपोतल्या यंत्राला आपोआप कळतं, ठणठण म्हणजे काय, कोणाचा, कशाला लागतो.

काका: म्हणजे लग्न जुळवणाऱ्या बाईसारखं. मुलगा कोण, कोणाचा, कोणाशी सोयरीक.

भाची: तसंच समजा. फक्त ती बाई अर्धं ऐकून सोडून देते. यंत्र सगळं खरं मानतं आणि वर पुढचा हिशेब करतं. तुम्ही सहाव्या पानाच्या तळाशी एक ओळ ठोकून दिलीत. ‘ठणठण म्हणजेच दवंडी.’

काका: दिली असेल.

भाची: ठणठण तुमचा. दवंडी बाबांची, फलाटावरच्या पाटीवर बसच्या वेळा लावणारी. तुम्ही म्हणालात, दोन्ही एकच. यंत्र म्हणालं, बरं. मग त्याला दिसलं, एकाच प्रोग्रामला बनवणारे दोन. आणि आपला नियम आहे, बनवणारा एकच.

काका: मग एकाला खोडायचं. त्यात काय एवढं?

भाची: यंत्र कोणाला खोटं पाडत नाही. बनवणारा एक, नावं दोन, म्हणजे दोन्ही नावं एकाच माणसाची. तुम्ही आणि बाबा एकच.

काका: आणि साडू मागच्या वर्षी गेला, म्हणून मीही गेलो. वा. आमच्या अख्ख्या खानदानात इतकं सरळ डोकं कोणाला नव्हतं.

भाची: शिवाय मी तुमची मुलगी. आणि तुम्हाला बायका दोन.

काका: त्याही सख्ख्या बहिणी? यापेक्षा मेलेला बरा मी.

भाची: बरा नाही. संध्याकाळी मेलेल्यांचे प्रोग्राम बंद होणार. तुमचे सगळे जातील आणि बाबांची दवंडीही जाईल. ती मला हवीय. त्यांचं इथं तेवढंच उरलंय. म्हणून सरळ सांगा, ती ओळ का टाकलीत? लिहायचा आळस?

काका: आळस तर जन्माचा सोबती.

भाची: काका.

काका: अगं, मेलेल्यांचे बंद होणार हे तूच बोललीस ना? म्हटलं, दवंडीला माझ्या शेपटाला बांधून पलीकडे नेऊ. मी जिवंत, तर तीही जिवंत. मला काय ठाऊक, यंत्र उलटीकडून ओढेल.

भाची: मला विचारायचं होतं. ‘सांभाळणारा’ असा वेगळा तुकडा आहे. बनवणारा गेला तरी चालतं, सांभाळणारा जिवंत लागतो. दवंडीला मी माझं नाव लावते.

काका: लाव. पण ती काय दाखवते, तेही लिहावं लागेल ना?

भाची: लागेलच. बस सुटायच्या वेळा.

काका: अंहं.

भाची: अंहं काय?

काका: त्या वेळा खोट्या आहेत.

(भाचीचे हात कीबोर्डवर थांबतात.)

काका: बस नऊची असली की पाटीवर नऊला तीन मिनिटं कमी. ड्रायव्हरच्या कागदावर खरी वेळ. पाटी आठवून जीव खाऊन पळत आलेला माणूस बघतो, तर बस उभी. तो ड्रायव्हरला दुवा देतो. ड्रायव्हरला वाटतं, आपली पुण्याई. इतकी वर्षं कोणाला पत्ता नाही.

भाची: हे असं लिहिलं तर यंत्र तिला दारातूनच हाकलेल.

काका: म्हणून तर ठणठणच्या पदराआड घातली. घंटेला कोण विचारतो, खरी वाजतेस की खोटी?

भाची: आणि खोटं लिहिलं, तर ते खरं मानून यंत्र आणखी कोणाला तरी मारेल. थांबा जरा. पाटीवर नेमकं काय लिहिलंय?

काका: ‘वेळ.’

भाची: कसली वेळ?

काका: ते तुझ्या बापानं कधी लिहू दिलं नाही.

भाची: मग ऐका. ‘दवंडी, दाखवते, फलाटावर पोचायची वेळ.’ सुटायची नव्हे. यात खोटं काही आहे?

काका: एक अक्षर नाही. बापावर गेलीस.

भाची: ‘म्हणजेच’वाली ओळ काढली. दवंडी घेतली त्यानं. ठणठणही घेतला. आणि तुम्ही परत जिवंत.

काका: बायको?

भाची: एकच.

काका: बघ हं, नीट मोज.

भाची: शेवटचा तुकडा राहिला. ‘कोणासाठी बनवली.’ प्रवाशांसाठी लिहिते.

काका: तेच लिही. खरं लिहिलंस तर तुझी आई आपल्या दोघांना घरात घेणार नाही.

भाची: आईचा काय संबंध?

काका: लग्नाआधी ती रोज नऊच्या बसला धावत यायची, आणि रोज बस तिच्या डोळ्यांसमोरून निघून जायची. बस थांबवायचा अधिकार तुझ्या बापाला नव्हता. पाटी मात्र त्याच्या हातात होती.

भाची: ही तुमची आणखी एक थाप.

काका: असेल.

भाची: ...आईला माहीत आहे?

काका: तिला वाटतं, त्या वर्षापासून तिला वेळेची शिस्त लागली.