बंद इंजिनाची शिकवणी

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या मुख्याध्यापिका माननीय इरावतीबाई, संस्थेचे सचिव माननीय चंद्रप्रकाशजी, सत्कारमूर्ती क्लेमेंट सर, त्यांच्या शेजारून मला ‘आटप लवकर’ अशा खुणा करणाऱ्या त्यांच्या पत्नी विनी आंटी, आणि समोसे कधी येतात याकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

सरांनी विज्ञान कसं शिकवलं, हे आधीचे वक्ते सांगून गेले. मी बोलणार त्यांच्या गाडीवर. सर गोराईहून बोटीने खाडी ओलांडतात, जेट्टीजवळ उभी केलेली गाडी काढतात आणि बोरिवलीत लता मॅडम, केतन आणि मला घेऊन जोगेश्वरीला शाळेत येतात. पेट्रोल भडकत गेलं तशी ती गाडी त्यांची दुसरी प्रयोगशाळाच झाली. सिग्नल लाल झाला की इंजिन बंद. पुलाचा चढ आला की आमच्या डब्यांकडे संशयाने बघायचं. केतन एकदा म्हणाला, “सर, सीएनजी करून टाका ना!” सर म्हणाले, “डिकीत सिलिंडर बसवला तर विनीचे सुके बोंबील तुझ्या मांडीवर ठेवू?” विषय तिथेच संपला.

एसी नव्हता का? होता ना! पण त्याच्या बटणावर सरांनी वांद्र्याच्या मोतमाउलीचं चित्र चिकटवलेलं. मे महिना, मागून बोंबलांचा दरवळ, पण माउलीला हात लावायची कुणाची हिंमत? लता मॅडम रोज हात जोडायच्या. काय मागायच्या, ते सांगायला हवं का?

मग सरांची निवृत्ती जवळ आली आणि आमची वाट लागली. रोजची रिक्षा झेपणार कुणाला? पीटी शिकवणाऱ्या केतनला क्लचची भीती, लता मॅडम तर आरशात फक्त केस बघतात. सर माझ्याकडे वळले. “संघमित्रा, शिकलीस तर गाडी तुझी. गोराईत मला काय करायचीय? पण शिकताना पेट्रोल जाळायचं नाही.”

आता बोला! मग शिकवणी सुरू झाली. जेट्टीवर, बोट येईपर्यंत, इंजिन बंद ठेवून. क्लच दाब, गिअर टाक, आरसा बघ. “आणि आवाज तोंडाने काढ,” सर म्हणाले, “नाहीतर गिअर कधी बदलायचा ते कसं कळणार?” घुर्रर्र! माशांच्या पाट्या घेतलेल्या बायका खिडकीशी उभ्या. त्यातली एक म्हणाली, “मास्तर, बाईची गाडी चढावर दमतेय, दुसरा टाकायला सांगा.” आणि खरंच, चुकलं होतं माझं!

शेवटी एकदाची किल्ली फिरवली, तर मी किंचाळले, “सर, आवाज येतोय!” “चालू आहे म्हणून येतोय गं!” थोडे दिवस खऱ्या रस्त्यावर काढले आणि परीक्षेला गेले. शेजारी गंभीर साहेब. मी पहिला टाकला आणि सवयीने तोंडाने घुर्रर्र. साहेब म्हणाले, “मॅडम, इंजिन आहे गाडीला.” पास झाले, मंडळी! साहेब अजून हसत असतील.

सर, तुम्ही मला गाडी दिलीत, पण मला भीती वाटतेय. गाडीची नाही हो, उद्या शेजारची सीट रिकामी असेल, त्याची. आज सकाळी तुम्ही स्वतःच्या हाताने माउलीचं चित्र सोडवून आरशाखाली लावलंत आणि म्हणालात, “आता दाब बटण.” आम्ही चौघं रडत होतो, सर, आणि थंडगार वाऱ्यात रडत होतो!

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही राहिलं, काही जास्त झालं तर पदरात घ्या. आणि उद्या सकाळी हायवेवर एक बाई तोंडाने घुर्रर्र करत गेली, तर तीही चूक आत्ताच माफ करून टाका.

चला सर, बोट चुकेल. आज मी सोडते तुम्हाला. मागे बसा आणि लाल सिग्नलला मला ओरडू नका.