नाकावर लावलेली गाडी

—बंद कर गो तो लॅपटॉप. बंद म्हणजे बंद, झाकण मीट नि सीटवर ठेव. गाडी चालूच राहू दे. आता इकडे मागं ये, सायलेन्सरपाशी, माझ्या बाजूला. कसल्या हिरव्या रेघा नि लाल रेघा दाखवतेस मला? ह्या रेघांना तोंड आहे, नाक आहे? निलेशने काढून दिल्या ना? माहितीय मला, माझाच मुलगा तो. करी रोडला टॉवरच्या खाली पांढऱ्या फरशा घालून बसलाय, बोर्डावर लिहिलंय 'ट्यूनिंग स्टुडिओ'. स्टुडिओ! तिथे काय पासपोर्टचे फोटो काढतात? आत गेलं की आधी कॉफी देतात म्हणे, मग चपलांवर घालायला निळ्या पिशव्या. गॅरेज आहे का बाळंतिणीची खोली आहे? मला तर किळस येते. गॅरेजला ग्रीस लागलेलं असायला पाहिजे, हात काळे असायला पाहिजेत — तू बघ, तिथल्या एका तरी पोराच्या नखात काळं दिसतंय का.

संघमित्रा ना तू? लहान होतीस तेव्हा इथे याच बाकड्यावर बसून बिस्किटं खायचीस, तुला आठवत नसेल. तुझ्या बाबांची झेन मीच लावायचो, ट्यूनिंग माझंच. कार्ब्युरेटरची झेन — काय गाडी होती! ते खुर्चीवर बसायचे पेपर घेऊन नि मी मागं उकिडवा, डोळे मिटून. एक स्क्रू एवढासा फिरवायचा नि हुंगायचं. डोळे चुरचुरले, पेट्रोलचा कच्चा वास आला — रिच, पेट्रोल जास्त. कोरडा, गरम, पत्र्यासारखा वास आला — लीन, पेट्रोल कमी. आणि मधे एक वास असतो, तो सांगता येत नाही. तो आला की मी हात वर करायचो नि तुझे बाबा पेपर घडी घालायचे. मीटर नाही, मशीन नाही. वरळीपासून भायखळ्यापर्यंत रेसवाले इथे यायचे, लालबागला, या बोळात. काय म्हणाले बाबा तुला? सीतारामच्या नाकावर सोड? असंच म्हणाले ना? हां. माणूस पारखी आहे.

तर रविवारी तुझी रेस, सरळ रस्ता, पाय खाली दाबून ठेवायचा नि सोडायचा नाही. तुझं म्हणणं एवढंच ना, की फुल दाबल्यावर इंजिन टिकेल का? मग ऐक, कारण निलेशने तुला सांगितलं असेल पण ते इंग्रजीत सांगितलं असेल. ओपन लूप, क्लोज्ड लूप. आपण हळू चालवतो, तेव्हा सायलेन्सरच्या पायपातला सेन्सर धूर हुंगत असतो. हुंगतो नि कॉम्प्युटरला सांगतो — जास्त झालं, कमी कर. कमी झालं, वाढव. सारखं चाललेलं असतं त्यांचं. ते क्लोज्ड लूप. चंपा — माझी बायको — आमटीत मीठ घालते, चाखते, परत चिमूटभर घालते, तसं. आणि तू पाय फुल दाबलास की कॉम्प्युटर म्हणतो, आता विचारायला वेळ नाही. आत टेबल लिहिलेलं असतं — एवढे चक्कर, एवढी हवा, मग एवढं पेट्रोल. ओत! खरं काय जळलं, कसं जळलं, विचारायचं नाही. पंगतीच्या आचाऱ्यासारखं. शंभर पानं, एवढं मीठ, टाकलं कढईत, चव कोण बघतो? ते ओपन लूप. आता त्या आचाऱ्याच्या हातात कोणी दुसरंच मीठ दिलं तर? तसंच झालंय. पूर्वीचं पेट्रोल वेगळं, आता त्यात वीस टक्के इथेनॉल. त्याला ओतायला जास्त लागतं. हळू चालवताना सेन्सर सांभाळून घेतो, कोणाला पत्ता लागत नाही. फुल दाबलं की टेबल जुनं, पेट्रोल नवं — इंजिन लीन चालतं, तापतं, आणि मग —

हा घे, हातात घे. जड आहे. मधोमध बघ. भोक पडलंय ना? पिस्टन आहे तो. ॲल्युमिनियम वितळून खाली गेलं, मेणासारखं. भायखळ्याच्या एका पोराची गाडी, कोस्टल रोडला दाबली नि संपली. रडत होता पोरगा. त्याला बुलेटसारखे फटाके पाहिजे होते मागून — ठाक, ठाक, ठाक — पाय काढला की. म्हणजे काय माहितीय? पेट्रोल इंजिनात जाळायचं सोडून सायलेन्सरमध्ये जाळायचं! आणि त्याला ट्यूनिंग म्हणायचं. हॉस्पिटलं सगळी परळला, नि हे दिवटे तिथूनच फटाके फोडत जाणार. थुंकावंसं वाटतं. काय? कोणी लावलेली? मीच. पण लावलेली बरोबर होती! मी स्वतः मागं उभा राहून, इथेच, तू उभी आहेस तिथे — अगदी रिच होती, वास असा — म्हणजे तसा वास असतोच ना रिच गाडीचा, डोळे चुरचुरले माझे. पेट्रोलचा दोष तो. ठेव तो खाली. ठेव म्हटलं ना.

निलेशनेही तेच विचारलं, कोणी लावलेली. पिस्टन उलटासुलटा करून बघितला. आणि दुसऱ्या दिवशी एक मीटर घेऊन आला. गोल काटा, वायर, पायपात घुसवायचा मोठा सेन्सर. म्हणाला, "पप्पा, फुल थ्रॉटललाही आकडा दिसेल तुम्हाला, नाकाला त्रास कशाला?" त्रास! माझ्या नाकाला त्रास! ज्या नाकाने त्याची फी भरली, डिप्लोमा केला त्याने, त्या नाकाला. आंधळ्याला काठी देतात तसं आणून दिलं. मी बोललो, घेऊन जा, नाहीतर गटारात फेकेन. गेला घेऊन. तेव्हापासून फोन फक्त त्याच्या आईला करतो. आणि मला माहितीय त्याला कोणी सांगितलं ते. चंपाने. तिला काय, परवा बांगडा तळला, मी खाल्ला, दोन खाल्ले — आवडीने खाल्ले — नि ही स्वयंपाकघरातून येते नि बघतच राहते माझ्याकडे. म्हणे, अहो तो खराब निघाला, मी टाकायला बाजूला ठेवलेला. मला म्हणते डॉक्टरकडे चला. कशाला? दोन बांगड्यांसाठी? भूक लागलेली, खाल्ले. कोविडमध्ये सगळ्यांचंच गेलेलं, मग सगळ्यांचं परत आलं. येतं. कोणाला लवकर येतं, कोणाला उशिरा. शिरा पडली त्या विषयावर, आपण गाडीचं बोलू.

तर बघ. हा आता आयडल. सेन्सर आपलं काम करतोय, त्याला करू दे. मी आता आत बसून थोडं दाबून धरतो, तू इकडे — नको, तूच जा, पाय ठेव, मी हुंगतो. दाब. अजून. धर. हं. हं. रिच आहे. चांगली रिच. निलेशचं टेबल ठीक आहे, उगीच नावं ठेवत नाही मी पोराला, पण वरच्या चक्करांना थोडं अजून — सोड, सोड पाय. उतर खाली. काय झालं? नाक का मुरडतेस? अगो तो मसाल्याचा आहे. शेजारी मसाला कुटायचा डंख आहे ना, या वेळेला धणे भाजतात, मग मिरची. रोजचं आहे. नवीन माणसाला ठसका लागतो, आम्हाला काही वाटत नाही, उलट छान वाटतं. धणे आणि त्यात थोडं खोबरं. आज खोबरं जास्त घातलंय बघ. काय मान हलवतेस? मसालाच आहे. मी इथे जन्म काढला, मला सांगतेस?

बंद आहे? कोण, डंख? शटर खाली आहे? तू येताना बघितलंस?

सोमवार. आज सोमवार, डंखाची सुट्टी.

मग कसला — कसला वास येतोय तुला? नीट सांग. मसाला नाही, मग काय? पेट्रोल? कच्चं? जोराचा? — बंद कर! चावी फिरव, आधी चावी फिरव! लांब हो. फोन खिशात ठेव, हात लावू नको कशाला. बॉनेट मी उघडतो. अरे देवा. खाली ओलं आहे. बघ, इथे फरशीवर, आणि मी त्याच्यातून चालत गेलो मघाशी. चपलेला लागलंय. मी पाणी समजलो.

नाही येत मला. काय बघतेस? नाही येत. कसलाच नाही. मसाल्याचा नाही, मासळीचा नाही, गॅस सुटला तरी नाही. चंपा चहात आलं घालते, मी म्हणतो वा, आलं मस्त, कारण आलं घालते हे मला माहितीय. कळलं? अकरा वाजले म्हणजे धणे, संध्याकाळ म्हणजे अगरबत्ती, गाडी वर दाबली म्हणजे रिच. सगळं पाठ आहे. पाठ केलेलं बोलतो मी नि लोक मागं उभे राहून माना डोलवतात. लाज वाटते मला. त्या पोराच्या गाडीमागे उभा राहिलो ना, मला काही — काहीच — आणि मी हात वर केला. तुझ्या बाबांसमोर करायचो तसा हात वर केला! थू.

ये इकडे. ये, घाबरू नको, आता इंजिन बंद आहे. वाक थोडी. इथे येतोय? आणि इथे? सावकाश घे. तू सांग, मी आता बोलत नाही.

इथे जास्त? या पायपापाशी?

हां. क्लिप. मघाशी फिल्टर बघायला मीच काढली नि मीच लावली. बसलीच नाही जागेवर. आणि खाली हा धुराचा एवढा गरम पाइप, मॅनिफोल्ड, त्याच्यावर ठिबकत होतं, नि मी तुला सांगतोय खोबरं जास्त घातलंय. थांब. झाली घट्ट. आता परत हुंग. येतोय? अजून येतोय? तो सांडलेल्याचा असेल, पुसतो मी. ते फडकं दे. आता? कमी झाला? नुसती मान हलवू नको गो, तोंडाने सांग.

बरं. गाडी ढकलत बोळाच्या तोंडापर्यंत नेऊ, थोडं वारं लागू दे, मग स्टार्ट कर. रविवारचं मी नाही लावणार. नाही म्हणजे नाही, वाद घालू नको. फुल थ्रॉटलला जायची गाडी, तिच्यात तू बसणार. निलेशकडे त्याचं मशीन आहे, सेन्सर आहे, कॉफीही देईल. माझं नाव घेऊ नको तिथे. बाबांना काय सांगायचं? सांग, सीतारामला वेळ नाही. नको, ते म्हणतील सीतारामला वेळ नाही असं होतच नाही. सांग — मला काय विचारतेस, तुला जे दिसलं ते सांग.

थांब. हाताला लागलंय तुझ्या. तिकडे नळ आहे, साबण ठेवलाय, चोळून धू. दोनदा धू. धुतलेस? आता हुंग. मला नको दाखवू हात, तूच हुंग. गेला वास?

मग जा.