कायमच्या वास्तव्याची बोलणी

...नाही, पण मामांना मध्ये आणायचं कारण काय होतं, हे मला कुणी सांगेल का? अर्ज माझा, फोटो माझा, बोटांचे ठसे माझे, दहाच्या दहा! दोनदा फाइल हरवली, तीही माझीच! नऊ वर्षं मी या परक्या देशात, फ्रान्सिसटाऊनमध्ये राहतेय, कॉलेज इथे केलं, इथल्याच दवाखान्यात लोकांचं रक्त तपासते, निम्म्या गावाला मी सुया टोचल्यात, बाजारात मला पाहून लोक सवयीने बाही वर करतात... आता याहून जास्त इथलं कसं व्हायचं माणसाने? पण नाही, परवाना आपला दरवर्षी संपतो. आणि या वर्षी दवाखान्याने सांगूनच टाकलं, 'रुवाराशे, कायमच्या वास्तव्याचा कागद एकतीस तारखेच्या आत आण, नाहीतर तुझ्या जागी दुसरी घेऊ.' दुसरी! म्हणजे मी काय करायचं, तर सामान बांधायचं, सीमा ओलांडायची आणि झिम्बाब्वेत आमच्या गुटूला जाऊन आईच्या कोंबड्या राखायच्या!

तेवढ्यात मुलाखतीचं पत्र आलं, आणि मी मूर्ख, ते आईला फोनवर सांगून बसले.

आई म्हणते, 'एकटी जाणार? अगं, एवढी मोठी गोष्ट मागायला पोरगी स्वतः जाते का? लोक म्हणतील, हिला मागेपुढे कुणी नाही!'

म्हटलं, 'आई, ते सरकारी ऑफिस आहे. तिथे लोक काही म्हणत नाहीत, फक्त उद्या या म्हणतात.'

'शिकलीस म्हणून शहाणी झालीस होय? ताकाविरा मामा येतील. ते बोलतील.'

म्हणजे बघा हं. अर्ज कुणाचा? माझा! बोलणार कोण? मामा!

आणि आले की हो! दोन बसा बदलून, सीमेवर अर्धा दिवस रांगेत उभं राहून, उन्हात काळा सूट घालून, एका हातात टोपली आणि दुसऱ्या हातात छत्री. आकाशात बोटाएवढा ढग नाही आणि छत्री! आता आमच्यात छत्री घेऊन कोण फिरतं? सोयरीक जुळवणारा मध्यस्थ! मी विचारलं, 'मामा, ही कशाला?' तर म्हणाले, 'असू दे, असू दे.' तुम्हाला सांगते, मोठी माणसं 'असू दे' म्हणाली की समजायचं, आपलं काही खरं नाही.

मुलाखतीच्या खोलीत दोघं जण. मधल्या खुर्चीत म्मा हाबांगाना, जाडजूड बाई, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, चेहरा असा की शिक्का न मारताच कागद घाबरावा. त्या कलांगा जमातीच्या, म्हणजे त्यांची बोली आणि आमची शोना अगदी चुलत बहिणी, सगळं कळतं एकमेकींचं. शेजारी एक टायवाले साहेब, पुढे माझी फाइल. मी दोन्ही हात जोडून वाकले, 'दुमेला म्मा, दुमेला र्रा', म्हणजे नमस्कार बाई, नमस्कार साहेब, म्हटलं, खुर्चीत बसले, आरशासमोर पाठ केलेली उत्तरं जिभेवर आणली... आणि मामा जमिनीवर बसले!

जमिनीवर! खुर्ची रिकामी ठेवून, मांडी घालून, छत्री आडवी ठेवून, दोन्ही तळव्यांची पोकळी करून टाळ्या वाजवायला लागले. टप्, टप्, टप्.

टायवाले म्हणाले, 'र्रा, खुर्ची आहे.'

मामा त्यांच्याकडे बघून म्हणतात, 'त्या थोर मातेला सांगा, आम्ही लांबून आलोय.'

'अहो, पण त्या समोरच बसल्यात! तुम्हीच सांगा ना!'

'तसं थेट बोलत नसतात. तुम्ही सांगा.'

आणि काय सांगू, टायवाल्यांनी सांगितलं हो! मान वळवून, हातभर अंतरावर बसलेल्या बाईंना! 'म्मा, हे म्हणतायत की ते लांबून आलेत.' आणि बाई टायवाल्यांना म्हणतात, 'त्यांना विचारा, वाटेत सगळं ठीक ना? पाऊसपाणी काय म्हणतंय? गुरंढोरं?' मग गुरं झाली. मग शेळ्या झाल्या. मग तीन वर्षांपूर्वी मेलेल्या एका बैलाचं दुःख झालं. बाहेर रांगेत चाळीस माणसं उभी! अर्ज कुणाचा? माझा! आणि चौकशी बैलाची!

मी तोंड उघडलं, 'म्मा, माझ्या अर्जात कलम...' तर त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'मोठी माणसं बोलतायत ना, बाळ?'

सत्तावीस वर्षांची आहे मी! बाळ!

मग मामांनी टोपलीवरचं फडकं काढलं. आत कोंबडी. जिवंत! मला म्हणे, 'मागायला रिकाम्या हाताने जातात होय?' टायवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. 'ही लाच आहे! लाच!' मी म्हटलं, झालं, आता गुटू नाही, थेट तुरुंग, आणि तोही कोंबडीपायी! पण म्मा हाबांगाना शांत. म्हणाल्या, 'भेटींच्या वहीत नोंद करा आणि परत द्या.' मग टायवाल्यांनी दातओठ खात लिहिलं, 'कोंबडी, नग एक, तपकिरी, जिवंत', आणि मामांनी खाली झकासपैकी सही ठोकली. सगळ्या प्रकरणात एवढा एकच कागद एका फटक्यात पूर्ण झाला.

मग बाई पुढे झुकल्या, आवाज एकदम बदलला. 'त्यांना विचारा, काय मागायला आलात? पाणी भरायचा भोपळा तर नाही ना?'

झालं! इकडे भोपळा मागायला आलो म्हटलं की अर्थ एकच, मुलगी मागायला आलो. म्हणजे बाईंनीही छत्री पाहिली होती! आता सुरू झाली ती मुलाखत नव्हे, लग्नाची बोलणी. टायवाले म्हणाले, 'थांबा, मागायला येतो तो मुलाकडचा. मग ही तुमची पोरगी म्हणजे मुलगा, आणि आपला देश म्हणजे मुलगी, असं का?'

मामा खवळले. 'आमची पोरगी मुलगा कशी होईल? ती मुलगीच!'

'मग मुलीकडच्यांनी घरी बसायचं असतं! आलात कशाला?'

आणि यावर, तुम्हाला खोटं वाटेल, अर्धा तास भांडण! मी म्हटलं, 'अहो, मी नवरा नाही, नवरी नाही, मी अर्जदार आहे!' कुणी ऐकेल तर शपथ. अर्ज कुणाचा? माझा! आणि मी वर आहे की वधू, यावर मतदान घ्यायचं बाकी!

शेवटी टायवाल्यांनी फाइल मिटली. म्हणाले, 'हे बघा, बोर्डाला वेळ नाही. पुढच्या वर्षी अर्ज करा, तोवर अजून एक वर्षाचा परवाना देऊ.' एकतीस तारीख तेरा दिवसांवर! डोळ्यांत पाणी यायला लागलं, आणि ते त्या टायसमोर येऊ द्यायचं नाही म्हणून मी छताकडे बघत बसले.

तेव्हा मामा उठले. पहिल्यांदाच थेट बाईंकडे पाहिलं. टाळी नाही, काही नाही.

'बाई,' म्हणाले, 'तुम्हालाही लेकीबाळी असतील. एखादी पोरगी आपल्या पायांनी एखाद्या घरात नांदायला आली, तर त्या घराने काय करायचं असतं? दुसऱ्या दिवशी तिच्या माहेरी निरोप धाडायचा, की शोधू नका, पोर आमच्याकडे आहे. ही नऊ वर्षं तुमच्या घरात आहे. तुमच्या आजाऱ्यांचं रक्त तपासते. आला का आमच्याकडे कुणी? एक माणूस? एक निरोप?'

टायवाले चाचरले, 'पण दरवर्षी परवाना देतोच की आम्ही...'

'दरवर्षी!' मामा गरजले. 'ऐकलंत? दरवर्षी म्हणतात, अजून एक वर्ष राहा, मग बघू! असं नऊ वर्षं झुलवतं का कुणी पोरीला? चांगल्या घरची माणसं ना तुम्ही?'

टोपलीतल्या कोंबडीनेसुद्धा मान वर काढून टायवाल्यांकडे पाहिलं.

म्मा हाबांगानांनी चष्मा काढला, खांद्यावरच्या शालीने पुसला, परत घातला. आणि टायवाल्यांना म्हणाल्या, 'हे मात्र आपल्याला शोभत नाही हं.' फाइल ओढली आणि शिक्का असा हाणला, असा हाणला की टेबलावरचा पेला हलला! मंजूर!

नऊ वर्षं मी कलमं, झेरॉक्स, पगाराचे दाखले जोडतेय, आणि काम कशाने झालं? टोमण्याने! मी रडले, हसले, मामांच्या गळ्यात पडले, आणि त्या गडबडीत मामा बाईंना काय बोलले तिकडे माझं लक्षच नाही. नंतर कळलं. म्हणाले, 'पोर कामाची आहे. आता तुमची सून. कधीही हाक मारा, ओ देईल.'

दवाखान्यात नोकरी पक्की झाली. कार्ड हातात आलं. आणि पहिल्याच शनिवारी पहाटे फोन. 'सूनबाई, मी म्मा हाबांगाना. माझ्या पुतण्याचं लग्न आहे, येतेस ना?' मी आपली नवा फ्रॉक घालून गेले, तर हातात सुरी दिली आणि परसात कोबीच्या ढिगासमोर बसवलं! ओळीने सगळ्या सुना. तीनशे माणसांचं जेवण! पुढच्या शनिवारी कुणाच्या तरी मावशीची अंत्ययात्रा, बटाटे. त्याच्या पुढच्या शनिवारी टायवाल्यांच्या मुलीचं लग्न, भोपळे, खरेखुरे, साठ! मामांना फोन केला तर म्हणतात, 'मग? रुळली नको का पोर सासरी?'

काल बोटांचे तुकडे पडायच्या बेतात असताना मी कार्ड काढून नीट वाचलं. पुढून वाचलं, उलटून वाचलं, उजेडात धरून वाचलं... मुदत कधी संपते, ते कुठेच लिहिलेलं नाही हो!