तात्यांच्या नावाचा चौक

अरे, चहा राहू दे, आधी हे ऐक. माझं डोकं अजून जाग्यावर न्हाय.

आमचे चुलते तात्या, फौजेतनं सुभेदार होऊन रिटायर झालेले. काल त्यांच्याकडं आमच्या वॉर्डातले भावी नगरसेवक आले. संगं दोन कार्यकर्ते, हातात हार. म्हणाले, "तात्या, तुम्ही देशासाठी एवढं केलं, पण धाराशिवनं तुमच्यासाठी काय केलं न्हाय. आता ह्या चौकाला तुमचंच नाव!"

काकूंनी डोळे पुसले आणि चहा टाकायला आत गेल्या. तोवर कार्यकर्त्यांनी रिक्षातनं बोर्ड आणून भिंतीला टेकवला. म्या वाचला आणि गारच पडलो. 'कै. सुभेदार' आणि पुढं तात्यांचं अख्खं नाव!

म्हणलं, "अहो साहेब, हे बसलेत की तुमच्यासमोर, जिवंत!"

"व्हय, पण जिवंत माणसाचं नाव चौकाला देत न्हाईत. म्हणून करून ठेवलाय. ऐनवेळी धावपळ नको." मग खुर्ची पुढं ओढून हळूच विचारतात, "तात्या, तब्येत कशी हाय? न्हाय म्हणजे, आचारसंहितेच्या आत उद्घाटन झालं असतं तर बरं पडलं असतं."

काकूंनी चहाचा ट्रे दाणकन टेबलावर आदळला. तात्या मात्र तिघांचे कप रिकामे होईस्तोवर थांबले आणि शांतपणे म्हणाले, "सरहद्दीवर बी माझ्या मरणाची वाट बघणारे लई होते. पण माझ्याच घरात बसून, माझाच चहा पीत कुणी बघितली न्हवती."