गॅरेजात गेली की शहाणी

आणि वर गॅरेजवाले मलाच विचारतात, "मॅडम, तुम्ही पाय नीट दाबता ना?" म्हणजे काय? पाय दाबायला डिग्री लागते का? आणि लागत असली तरी आहे माझ्याकडे, इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बीई झालेय मी!... नाही, थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही त्यांच्यासारखे माझ्या पायाकडेच बघत बसाल.

गाडी आमच्या अप्पांची. डिझेल पिकअप, पांढरी, म्हणजे घेतली तेव्हा पांढरी होती. होसकोट्याच्या नर्सरीतनं रोपं भरायची आणि सगळ्या बंगळुरात दुकानोदुकानी उतरवायची, हा अप्पांचा धंदा. मागच्या हौद्यात कायम ओल्या मातीचा वास, आणि चालवणाऱ्याच्या अंगालाही तोच. तर पावसाळा सरता सरता अप्पांच्या छातीत दुखलं, स्टेंट बसवला, डॉक्टर म्हणाले गाडी नाही, ओझं नाही, दगदग नाही. आता राजाजीनगरात दारात गाडी उभी आणि अप्पा तिला हात लावणार नाहीत, हे शक्य आहे? म्हणून निपाणीची आत्या त्यांना विश्रांतीला घेऊन गेली. खंडेनवमीला गाडीची पूजा केली, चाकांखाली लिंबं चिरडली आणि दुसऱ्या दिवशी निघाले. जाताना म्हणाले, "शिवे, बरा झालो की गाडी घेऊन ये न्यायला. मी बसनं येणार न्हाई बघ. माझ्या गाडीतनंच येणार."

मी म्हटलं येते की! मोठ्या तोऱ्यात. मी, जी कुकरच्या शिट्टीला दचकते!

आणि अप्पा गेले तशी गाडी बिघडली. म्हणजे बिघडली असंही नाही, तीच तर गंमत आहे. चांगली चालत असते, आणि मध्येच ॲक्सिलरेटर मरतो. पाय तळाला टेकला तरी इंजिन आपलं घुर्र घुर्र, जागच्या जागी. ह्या नव्या गाड्यांना पेडलपासून इंजिनापर्यंत केबल नसते हो, पेडलला सेन्सर, सेन्सरला वायर, आणि वायरीतून निरोप जातो, 'पोरीनं पाय दाबलाय, पळ.' निरोप पोचला तर पळते. नाही पोचला तर समोर पिवळा दिवा लागतो, मागचा बसवाला हॉर्न देतो, मी किंचाळते आणि शेजारून जाणारा रिक्षावाला 'येनायतु अक्का?', काय झालं म्हणून विचारतो, मी म्हणते 'येनू इल्ला', काही नाही. मग बंद करायची, श्वास घ्यायचा, परत चालू करायची, की झाली शहाणी! काय झालंच नाही जसं काही!

दयानंदकडे नेली. अप्पांचा जुना मेकॅनिक, इथंच आमच्या मागच्या रस्त्याला. त्यानं स्कॅनर लावला, त्यात आलं की पेडलचा सिग्नल मध्ये मध्ये तुटतो. मी म्हटलं तेच तर सांगतेय! त्यानं प्लग काढला, साफ केला, घातला, चार चकरा मारल्या, खड्डे शोधून शोधून मारल्या, आणि खिडकीतून डोकं काढून म्हणतो, "ईग सरी इदे अल्वा, मॅडम!"

आता बरोबर आहे की! हो, आता आहे. पण मघाशी नव्हती ना!

तुम्हाला सांगते, त्या दिवसांत घरात फार विचित्र व्हायचं. संध्याकाळी गल्लीत कुठलीही डिझेल गाडी वळली की माझे पाय आपोआप दाराकडे. गॅस वाहून नेणारा टेम्पो असायचा तो. आई भाकरी थापता थापता विचारायची, "कोण गं?" मी म्हणायची, "कोणी नाही." रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर, आणि दोघींनाही माहीत की विचारतेय कोणाबद्दल. रविवारी बॅटरी उतरू नये म्हणून मी गाडी काढायची, तर सीट अप्पांच्या उंचीला मागे सरकवलेली. मला पेडल लांब पडतं. पण सीट पुढे ओढायची म्हणजे... नको. मी पाठीशी दोन उशा घ्यायची. डॅशबोर्डवर अप्पांनी अर्धी खाल्लेली शेंगदाण्याची पुडी होती, तीही मऊ पडली, पण टाकवेना.

आणि फोन केला की काय म्हणावं त्यांनी? "कसं वाटतंय अप्पा?" "आता बरं हाय की!" मागून आत्या ओरडते, "सकाळी चक्कर आली म्हणून सांग की!" "ते सकाळी गं. आता बरं हाय."

आता बोला! गाडी तशी, मालक तसा!

शेवटी तिथले डॉक्टर म्हणाले, बंगळूरला जायला हरकत नाही. झालं, मी शनिवारी उजाडताच निघाले. आईनं दही-साखर दिली, म्हणाली, "थांब, मी आधी गाडीला नमस्कार करून येते," आणि गेली खाली. आली. मी निघाले. नेलमंगलाच्या टोलनाक्याजवळ, बरोब्बर गतिरोधकावर, पेडल मेलं. मागे बारा चाकी ट्रक. त्याचा हॉर्न ऐकून मी अशी दचकले की वायपरच चालू झाला! कोरड्या काचेवर कर्र कर्र... साडेपाचशे किलोमीटर अशा गाडीनं कशी जाऊ? वळवली. फोनवर अप्पा एवढंच म्हणाले, "असू दे. पुढच्या आठवड्यात ये."

मग येलहंक्याच्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. तिथं एसी, तिथं कॉफी, तिथं लॅपटॉपवाला एक मुलगा, इस्त्रीचा शर्ट. घरातून निघताना आई परत, "थांब, गॅरेजला न्यायची ना? नमस्कार करून येते." मला वाटलं, बिचारीला गाडीत अप्पा दिसत असतील. त्या मुलानं नवीन पेडल बसवलं, सेन्सरसकट, दिवसभर फिरवली आणि संध्याकाळी म्हणाला, "मॅम, अब तो बिलकुल ठीक है."

अब तो! पुढच्या शनिवारी तोच टोलनाका, तोच गतिरोधक, मी परत जागच्या जागी घुर्र घुर्र. सगळी गल्ली म्हणायला लागली की गाडीला अप्पांची सवय, ती रुसलीय. मी बीई हो! मी असल्या गोष्टी मानत नाही. पण खरं सांगू? एकदा तिच्या स्टिअरिंगवर हात ठेवून म्हटलंच मी हळूच, "मलाही करमत नाही गं. म्हणून तर चाललोय ना आपण."

तर परत दयानंद. त्यानं सांगितलं, सकाळी लवकर आणा. मी उठले, किल्ली घेतली, खाली गेले, आणि बघते तर गाडीचं दार उघडं आणि त्यातून दोन पाय बाहेर लोंबतायत!

मी जी किंचाळले! वरच्या मजल्यावरचे दिवे लागले. पायांनी झटका दिला, आत टाणकन काहीतरी आपटलं आणि आवाज आला, "ओरडतीस काय गं भवाने! डोकं फुटलं की माझं!"

आई! सीटवर पालथी, डोकं डॅशबोर्डच्या खाली, आणि हातात एक लाल फडक्याची पुरचुंडी. सौंदत्तीच्या यल्लम्माचा भंडारा, खोबऱ्याचा तुकडा आणि तांब्याचा जाडजूड जुना पैसा.

"आई, हे काय?"

"काय न्हाई. तुझ्या अप्पांनी खंडेनवमीला बांधायला लावली. म्हणाले, पोरगी भित्री हाय, ती गाडी चालवणार, देवी असू दे तिच्याजवळ. कुणाच्या नजरेला पडू नये अशी बांध."

"बांधलीस कुठं?"

"ते काय, वायरी लोंबत्यात की तिथं. पेडलच्या वर."

पेडलच्या वर! सेन्सरच्या वायरीला! गतिरोधक आला की पुरचुंडीला हिसका, पुरचुंडीचा वायरीला, वायरीचा प्लगला... "आणि मग गॅरेजमध्ये कशी नाही दिसली कोणाला?"

"दिसंल कशी? गॅरेजात न्यायच्या आधी मी सोडून देवघरात ठेवते की! ती माणसं उलटी पडून बूट कुठंबी लावत्यात. देवीचं हाय ते. आली की परत बांधते."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू हसली असतीस. शिकलेली तू."

हसू? मला हसताच येईना. महिनाभर मी जी रस्त्यात अडकत होते, ती अप्पांच्या काळजीत अडकत होते हो!

पुरचुंडी मी गाडीतल्या आरशाला टांगली. आई कुरकुरली, पण टांगली. आणि तुम्हाला सांगते, निपाणीपर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. अप्पा आत्याच्या दारात शर्टाची वरची गुंडी लावून सकाळपासून बसलेले. वाळलेले. मला आधी बघायचं की गाडीला, हे त्यांचं ठरेना. मग आत बसले, नुसतं पेडल दाबून बघितलं, इंजिन गुरगुरलं, आणि म्हणतात, "कुठं काय झालंय? आता बरोबर हाय की!"

मी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. परत येताना अप्पा सगळा रस्ता बोलत होते. कुठल्या ढाब्यावर चहा बरा, कुठल्या वळणावर एकदा जास्वंदीची रोपं सांडली. अंधारायच्या आत नेलमंगला आलं. टोलनाका. गतिरोधक.

पेडल मेलं.

मी आरशाकडे बघितलं. मोकळा! मी अप्पांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघायला लागले.

"अप्पा, कुठं बांधलीत?"

"पहाटेच बांधली गं. होती तिथंच." मग हळूच, "अशी टांगून मिरवायची नसती देवी. आणि तू चालवणार म्हटल्यावर..."

मागे ट्रक. हॉर्न. आणि मी दचकले नाही! खरंच सांगते, नाही दचकले. खाली वाकून पुरचुंडी सोडायला कितीसा वेळ लागतो? पण शेजारी अप्पा, त्यांच्या शर्टाला एवढ्या दिवसांनीही तोच मातीचा वास... घुर्र घुर्र चालू राहू दिलं मी. जरा वेळ.

तेवढ्यात टोलवाला खिडकीशी आला, "येनायतु अक्का? गाडी प्रॉब्लेम?"

काय सांगणार त्याला?

म्हटलं, "येनू इल्ला अण्णा. ईग सरी इदे."